प्रवेश मिळाल्यानंतरची चार वर्षे

प्रस्तावना

दरवर्षी सीईटीचा निकाल लागला की भिवंडी, कल्याण, ठाण्यात अभियांत्रिकी प्रवेशाच्या मार्गदर्शनाची एकच धांदल उडते. क्लासवाल्यांचे मेळावे होतात, व्हॉट्सॲपवर कटऑफच्या याद्या फिरतात, पैसे घेऊन पर्यायांचा अर्ज भरून देणारेही भेटतात. कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, अर्जात तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात आणि कोणते कॉलेज वर, कोणते खाली, यावर घराघरांत रात्र रात्र चर्चा चालते. मग प्रवेश निश्चित होतो, पेढे वाटले जातात आणि सल्ला देणारी सगळी मंडळी पुढच्या वर्षीच्या मुलांकडे वळतात. ज्याला प्रवेश मिळाला त्याच्यापुढे आता आठ सत्रे असतात, चाळीस-पन्नास विषय असतात, केटीचे, म्हणजे राहिलेल्या विषयांचे, नियम असतात, शिष्यवृत्तीच्या मुदती असतात. या सगळ्यात अडलो तर कोणाला विचारायचे, हे मात्र त्याला कोणीच सांगितलेले नसते.

ही पुस्तिका त्या चार वर्षांसाठी आहे. ती भिवंडी तालुक्यातल्या दिघाशी, अंबाडी, वज्रेश्वरी, गणेशपुरी या पट्ट्यातल्या मुलामुलींना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, आयटी, एआय-एमएल, डेटा सायन्स अशा शाखांना जाणारी ही मुले बहुतेक वेळा घरातली, काही वेळा पाड्यातली, पहिलीच इंजिनिअर होणार असतात. घरी भाताची शेती असते, वडील किंवा मोठा भाऊ गोदामात कामाला असतो, आई बचत गटात असते. घरातले सगळे मुलाच्या शिक्षणासाठी पोटाला चिमटा काढतात, पण ‘पहिल्या सत्रात काय सांभाळायचे’ या प्रश्नाचे उत्तर त्यांच्यापाशी नसते. डोंबिवलीच्या किंवा पार्ल्याच्या एखाद्या घरात हे उत्तर जेवणाच्या ताटावर मिळते. मामा इंजिनिअर असतो, शेजारची ताई नुकतीच नोकरीला लागलेली असते, आणि ‘एम-थ्री (तिसऱ्या सत्राचे गणित) हलक्यात घेऊ नकोस’ हे वाक्य प्रवेशाच्या आधीच कानावर पडलेले असते. दिघाशीच्या मुलाला तेच वाक्य एम-थ्रीत नापास झाल्यावर ऐकायला मिळते. अनेक वर्षे शिकवताना मला दिसलेला मोठा फरक हाच आहे. बुद्धीत, कष्टात ही मुले कुठेच कमी पडत नाहीत.

शैक्षणिक सल्ला ही गोष्ट आपल्याकडे उशिरा का आली, हे समजून घ्यायला थोडे मागे जावे लागेल. पुण्यात १८५४ साली अभियांत्रिकीचा वर्ग सुरू झाला, त्याचेच पुढे सीओईपी झाले. मुंबईत १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली, आजचे व्हीजेटीआय. या संस्थांनी महाराष्ट्राला धरणे, पूल, गिरण्या चालवणारे इंजिनिअर दिले. पण अभ्यासक्रम ठरलेला असे. सगळ्यांना तेच विषय, त्याच क्रमाने. निवड करायचीच नसल्याने निवडीबद्दल सल्ला देणारा माणूसही लागत नसे. अमेरिकेत गोष्ट वेगळी घडली. चार्ल्स एलियट १८६९ साली हार्वर्डचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी विद्यार्थ्यांना विषय निवडण्याची मोकळीक वाढवत नेली. १८७६ साली सुरू झालेल्या जॉन्स हॉपकिन्सने आपल्या सुरुवातीच्या काळातच प्रत्येक विद्यार्थ्याला एक सल्लागार प्राध्यापक जोडून दिला. निवड आली, तिच्या पाठोपाठ सल्लागार आला.

आपल्याकडे ही पद्धत आयआयटींनी घेतली. पवईची आयआयटी १९५८ सालची. तिथे विद्यार्थ्याला फॅकल्टी ॲडव्हायझर असतो, मुले त्याला ‘फॅकॅड’ म्हणतात. कोणत्या सत्रात किती विषय घ्यायचे, कोणता सोडायचा, हे त्याच्याशी बोलून ठरते. शिवाय वरच्या वर्गातल्या मुलांनी खालच्या वर्गाला हात द्यावा म्हणून विभागवार विद्यार्थी-मार्गदर्शकांची व्यवस्था आहे. दिघाशीहून पवई काही परदेशात नाही. पण तिथली पद्धत वाडा, कल्याण, वसई, शहापूरच्या कॉलेजांपर्यंत पोचायला फार वेळ लागला. मुंबई विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत अभ्यासक्रम विद्यापीठ ठरवी, परीक्षा विद्यापीठ घेई आणि कॉलेजने शिकवायचे, एवढेच काम मानले जाई.

गेल्या काही वर्षांत मात्र चित्र पार बदलले. एआयसीटीईने २०१८ च्या नमुना अभ्यासक्रमात पदवीचे एकूण क्रेडिट १६० वर आणले आणि त्याच्या वर १८ ते २० क्रेडिट जास्त घेऊन ऑनर्स किंवा मायनर करण्याची सोय ठेवली. मुंबई विद्यापीठाने २०१९ मध्ये ‘सी स्कीम’ आणली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे आखलेला नवा आराखडा त्यानंतर आला. त्यात एकूण १६० ते १७६ क्रेडिट आहेत, दुसऱ्याच विद्याशाखेतला मल्टिडिसिप्लिनरी मायनर आहे, ओपन इलेक्टिव्ह आहेत, इंटर्नशिप आहे, समाजाशी जोडलेला प्रकल्प आहे. मिळवलेले क्रेडिट ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा होतात. पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट, दुसऱ्यानंतर डिप्लोमा घेऊन बाहेर पडायची आणि पुन्हा आत यायची वाटही आहे.

हा बदल मला मनापासून हवा होता. कॉम्प्युटरच्या मुलीने फायनान्सचा किंवा बायोइन्फर्मॅटिक्सचा मायनर करावा, यात तिचे भलेच आहे. पण निवड करायला माहिती लागते आणि माहितीत आपली मुले आधीच मागे आहेत. मायनर कोणता घ्यायचा हे शेजारच्या बाकावरचा मित्र ठरवतो. ओपन इलेक्टिव्ह ‘मार्क सुटतात’ म्हणून घेतला जातो. एक वर्षाचे सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडायची सोय आहे हे घरी कळले, की ज्या घरात पैशाची ओढाताण आहे तिथे ती सोय मोहात पाडते. त्या सर्टिफिकेटवर भिवंडीत किंवा ठाण्यात कोणती नोकरी मिळेल, परत यायचे म्हटले तर काय लागेल, हे कोणीतरी समोर बसवून सांगायला हवे. निवड आली तशी सल्लागाराचीही गरज आली. नियमावलीने पहिली दिली, दुसऱ्याची भरती आपल्यालाच करायची आहे.

आता जरा विषयांकडेच वळतो, कारण सल्ल्याचा गाभा तिथे आहे. मुले विषयांकडे सुट्या सुट्या पाहतात. हा सुटला, तो राहिला. प्रत्यक्षात कॉम्प्युटरचे विषय एकमेकांत गुंतलेले असतात आणि ती गुंतवण मार्कशीटवर दिसत नाही. मुंबई विद्यापीठाच्या सी स्कीमचेच उदाहरण घ्या. पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात सी प्रोग्रामिंग होते. तेव्हा मुलांचे सगळे लक्ष मॅथ्स-टू आणि ड्रॉइंगवर असते, सीचे प्रोग्रॅम पाठ करून किंवा जर्नलमधून उतरवून प्रात्यक्षिक पार पडते. तिसऱ्या सत्रात डेटा स्ट्रक्चर येते. लिंक्ड लिस्ट शिकायची तर पॉइंटर यायला हवा आणि पॉइंटर तर पाठांतरात निसटलेला असतो. चौथ्या सत्रात ॲनालिसिस ऑफ अल्गोरिदम डेटा स्ट्रक्चरवर उभे राहते. पाचव्या-सहाव्या सत्रात कंपन्यांच्या चाचण्यांची तयारी सुरू होते आणि तिथे विचारतात ते नेमके हेच दोन विषय. म्हणजे जी मुलगी चौथ्या वर्षी ‘माझे कोडिंग कच्चे आहे’ म्हणून रडवेली होते, तिचे घोडे दुसऱ्या सत्रातल्या एका पॉइंटरपाशी अडलेले असते.

दुसरी साखळी अशीच. तिसऱ्या सत्रातले डिस्क्रीट स्ट्रक्चर्स, पाचव्यातले थिऑरेटिकल कॉम्प्युटर सायन्स, सहाव्यातली कंपायलरची रचना. तिसरी साखळी गणिताची. मॅथ्स-फोरमध्ये मॅट्रिक्स, आयगेन व्हॅल्यू आणि प्रोबॅबिलिटी येतात आणि सातव्या सत्रातले मशीन लर्निंग त्यांच्यावरच चालते. एआय-एमएल या नावाला भुलून शाखा घेतलेल्या मुलाला ‘मला मॅथ्स आवडत नाही म्हणून मी कॉम्प्युटर घेतले’ असे म्हणताना मी ऐकले आहे. त्याला पहिल्या महिन्यात ही साखळी कागदावर काढून दाखवली तर तो गणिताच्या तासाला वेगळ्या कानाने बसतो. मी हे करून पाहिले आहे. एक कोरा कागद, आठ रकाने, विषयांची नावे आणि एका विषयातून दुसऱ्याकडे जाणारे बाण. अर्धा तास लागतो. चार वर्षांत दिलेल्या सगळ्या सल्ल्यांत हा अर्धा तास मला सर्वांत कामाचा वाटतो. नव्या आराखड्यात विषयांची नावे आणि सत्रे हलली आहेत, प्रत्येक स्वायत्त कॉलेजची मांडणीही वेगळी आहे. पण पॉइंटरशिवाय लिंक्ड लिस्ट नाही, हे कुठल्याच स्कीमने बदलत नाही. पुस्तिकेच्या दुसऱ्या प्रकरणात कोरे रकाने ठेवले आहेत ते यासाठी. आपल्या कॉलेजची स्कीम समोर ठेवून बाण स्वतः काढायचे.

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्यांबद्दल वेगळे बोलायला हवे, कारण ग्रामीण भागातून येणारी पुष्कळ मुले याच वाटेने येतात. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा, मग डीएसई. या मुलांचा हात यंत्रावर चांगला बसलेला असतो, प्रोग्रॅम चालवून दाखवण्यात ती बारावीवाल्यांच्या पुढे असतात. पण पहिल्या वर्षाचे मॅथ्स-वन आणि टू त्यांनी त्या पातळीवर केलेले नसते. कॉलेजात पाऊल टाकल्याबरोबर समोर एम-थ्री येते. लाप्लास ट्रान्सफॉर्म, फुरिए सिरीज, कॉम्प्लेक्स व्हेरिएबल. त्यातच यांचे प्रवेश उशिरा होतात, तोवर वर्ग पुढे गेलेला असतो. वर्गात प्रश्न विचारायला संकोच वाटतो, कारण बाकीच्यांना ते माहीत आहे असे दिसते. इथे सल्लागाराने पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी कराव्यात. इंटिग्रेशन आणि पार्शल डेरिव्हेटिव्हची उजळणी कोणाकडून, कधी करायची ते ठरवून द्यावे आणि वरच्या वर्गातल्या एका डीएसईवाल्याशी गाठ घालून द्यावी. डिप्लोमाला ८५ टक्के मिळवलेला मुलगा तिसऱ्या सत्रात नापास होतो तेव्हा तो स्वतःलाच नालायक समजू लागतो. त्याला त्याआधी कोणीतरी सांगायला हवे की हा खड्डा रस्त्यातच आहे आणि त्याच्या आधी पुष्कळ जण तो ओलांडून गेले आहेत.

केटीबद्दलचे गैरसमज तर विचारू नका. ‘केटी काय, सगळ्यांनाच लागते’ हे वाक्य सीनियर मुले धीर देण्यासाठी म्हणतात आणि ते खरेही आहे. पण त्याच्या पुढचे वाक्य कोणी बोलत नाही. मुंबई विद्यापीठात वर्षानुवर्षे चालत आलेला नियम असा, की पहिल्या वर्षाचे सगळे विषय सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षात जाता येत नाही आणि दुसऱ्या वर्षाचे सगळे सुटल्याशिवाय शेवटच्या वर्षात. म्हणजे पहिल्या वर्षाची एक उरलेली केटी दुसरे वर्ष संपताना अख्खे वर्ष खाऊ शकते. मुले दुसऱ्या वर्षाच्या नव्या विषयांत बुडालेली असतात, मागचा एक विषय ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणून मागे पडतो, आणि मग इयर डाऊन. शिवाय लेखी, अंतर्गत चाचणी, टर्म वर्क, तोंडी-प्रात्यक्षिक यांतले पास होणे स्वतंत्र असते. लेखीत उत्तम गुण असूनही एखादा मुलगा दुसऱ्याच कशात अडकलेला मी पाहिला आहे आणि हे त्याला निकालाच्या पीडीएफमध्ये आपली ओळ तीनदा वाचूनही कळले नव्हते. निकालाचे ते गॅझेट वाचायला शिकवणे हेसुद्धा सल्लागाराचे काम आहे.

पैशाचा विषय शैक्षणिक सल्ल्यात येतो का, असे मला काही सहकारी विचारतात. माझ्या मते आधी तोच येतो. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, इतर मागास, अनुसूचित जाती-जमातींसाठीच्या सवलती, या सगळ्यांचे अर्ज महाडीबीटीवर भरायचे असतात. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि इतर मागास वर्गातल्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत मिळते. आपल्या तालुक्यात ही बातमी घराघरांत पोचली तर ‘मुलीला बीएस्सीला टाकू, इंजिनिअरिंग परवडणार नाही’ हे बोलणे थांबेल. पण बहुतेक सवलती कॅपमधून झालेल्या प्रवेशाला मिळतात. शेवटच्या फेरीपर्यंत धीर सुटून संस्थेच्या कोट्यात जागा घेतली तर ती सवलत हातची जाते, आणि हे कळते तेव्हा फीची पावती फाटलेली असते. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, जात पडताळणी, आधारशी जोडलेले बँक खाते, हे सगळे या अर्जांना लागते. वारली, कातकरी, मल्हार कोळी समाजातल्या मुलांना जमातीच्या दाखल्याची पडताळणी ठाण्याच्या समितीकडून करून घ्यावी लागते आणि तिला वेळ लागतो. ही कामे अकरावीतच सुरू व्हायला हवीत. म्हणून पुस्तिकेचे पहिले प्रकरण दाखल्यांचे आहे, अभ्यासाचे दुसरे.

जाण्यायेण्याबद्दल एकच सांगतो. दिघाशीहून भिवंडी-वाडा रस्त्याने रोज कल्याणला किंवा ठाण्याला जाणाऱ्या मुलाचे दिवसाचे चार-पाच तास सहज रस्त्यात जातात, पावसाळ्यात त्याहून जास्त. ७५ टक्के हजेरीचा नियम सगळ्यांना सारखाच लागतो. सकाळच्या पहिल्या तासाला रोज दहा मिनिटे उशीर होणारा मुलगा डिफॉल्टरच्या यादीत येतो आणि त्याचे नाव बेफिकीर म्हणून नोंदले जाते. सल्लागाराने पहिल्या भेटीत ‘तू कुठून येतोस, कोणती एसटी पकडतोस’ हे विचारले तर अर्ध्या अडचणी तिथेच समजतात. प्रात्यक्षिकाची बॅच बदलून देता येते, वसतिगृहाचा अर्ज सुचवता येतो.

भाषेचेही तसेच. मराठी माध्यमातून आलेली मुले पहिल्या सत्रात गप्प असतात आणि गप्प मुलाला काही येत नाही असे समजले जाते. एआयसीटीईने प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी शिकवायला मुभा दिल्यावर २०२१-२२ मध्ये पुण्याच्या पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगने कॉम्प्युटर इंजिनिअरिंग मराठीतून सुरू केले. असा वर्ग सगळीकडे लगेच निघणार नाही. पण सल्ला मराठीत द्यायला कोणत्याच परवानगीची गरज नाही. रिकर्शन मराठीत समजावून सांगितले, की तोच मुलगा इंग्रजी पेपरात ते नीट लिहितो, हा माझा अनुभव आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स, सी, पायथन यांचे धडे मराठी आवाजात विनामूल्य आहेत. पहिल्या वर्षाच्या दिवाळीच्या सुट्टीत ते बघायला सांगा.

आता कॉलेजांकडे. मेंटॉरची व्यवस्था कागदावर सगळीकडे आहे. एआयसीटीईच्या इंडक्शन कार्यक्रमात साधारण वीस मुलांमागे एक मार्गदर्शक शिक्षक असावा, अशी कल्पना आहे. नॅकही मेंटॉरचे प्रमाण विचारत असे. एनबीएच्या, बरीच वर्षे वापरात राहिलेल्या मूल्यमापनाच्या नमुन्यात एक हजार गुणांपैकी पाच गुण मेंटॉरिंगला होते. हजारात पाच. ज्या कामाला एवढेच वजन, त्याला कॉलेजेही तेवढाच वेळ देतात. त्यात २०२४-२५ पासून एआयसीटीईने प्रवेशसंख्येवरची कमाल मर्यादा काढली आणि कॉम्प्युटरच्या तुकड्या वाढल्या. शिक्षक त्या वेगाने वाढलेले नाहीत. पुष्कळ ठिकाणी ते कंत्राटी आहेत आणि वर्षाच्या मध्यावर बदलतात. मेंटॉर बदलला की मुलाची माहितीही त्याच्याबरोबर जाते. तरुण शिक्षकांना मी दोष देत नाही. पाच विषयांचे तास, पेपर तपासणी, प्रवेशाची कामे आणि त्यावर साठ मुलांच्या मेंटॉर फाइली, हे एका माणसाचे काम नाही. व्यवस्थापनांना माझी विनंती आहे की मेंटॉरिंगचे तास वेळापत्रकात धरा आणि शिक्षकाच्या कार्यभारात मोजा. एवढे केले तरी फाइलीतले काम प्रत्यक्षात होऊ लागेल.

एक भेद मात्र स्पष्ट ठेवू. अभ्यासाचा सल्लागार हा मानसोपचारतज्ज्ञ नसतो. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांबद्दलच्या निकालात शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक नेमावा, असे निर्देश दिले. परीक्षेच्या काळात मुलांच्या छोट्या गटांना मार्गदर्शक जोडून द्यावेत, असेही त्यात आहे. सल्लागाराने मुलाचे ऐकावे, त्याचा चेहरा वाचावा, आणि झोप उडाली आहे, जेवण तुटले आहे, जगण्यात अर्थ नाही असे बोलणे चालले आहे हे दिसताच त्याला समुपदेशकाकडे स्वतः घेऊन जावे. चिठ्ठी देऊन पाठवू नये. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते. तो पुस्तिकेच्या मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत छापला आहे.

प्रकल्पांच्या प्रकरणाबद्दल मला विशेष आपुलकी आहे. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट मुले बहुधा इंटरनेटवरून उचलतात, काही जण विकत घेतात. चेहरा ओळखून हजेरी, चॅटबॉट, शेअरचा अंदाज, तेच तेच. आणि आपल्या मुलांच्या घराभोवती काय आहे? काल्हेर, दापोडे, राहनाळ, माणकोलीपासून पडघ्यापर्यंत देशातल्या सर्वांत मोठ्या गोदामपट्ट्यांपैकी एक. तिथे मोठा भाऊ दिवसभर हातात स्कॅनर घेऊन खोक्यांवरचे बारकोड वाचतो. प्रत्येक बीपमागे डेटाबेसमध्ये एक नोंद बदलते, कोणते खोके कोणत्या रॅकवर, कोणत्या ट्रकमध्ये आधी, हे एक अल्गोरिदम ठरवतो. त्या भावाला विचारले तर तो सांगेल की स्कॅनर कुठे अडतो, नेटवर्क गेले की काय होते, कोणत्या चुकीचे पैसे मजुराच्या पगारातून कापले जातात. यातला एकेक प्रश्न हा एकेक प्रकल्प आहे. यंत्रमागाच्या कारखान्यांत विजेचा हिशेब आहे, तानसेच्या काठच्या भाताला पाण्याचा अंदाज हवा आहे, आरोग्य केंद्रात गरोदर मातांच्या नोंदी आहेत. नव्या आराखड्यातला समाजाशी जोडलेला प्रकल्प याच कामांसाठी वापरता येईल. मुलाखतीत ‘हा प्रोजेक्ट का निवडलात’ असे विचारल्यावर ज्याच्याकडे खरे उत्तर असते, त्याचा आवाज बदलतो. सल्लागाराने मुलाला त्याच्याच गावाकडे बघायला लावावे, असा माझा आग्रह आहे.

नोकरीबद्दल पुस्तिकेत दोन प्रकरणे आहेत, इथे लांबण लावत नाही. पॅकेजच्या आकड्यांवरून कॉलेज जोखू नका. सरासरी काढताना किती मुले मोजली ते विचारा आणि जाहिरातीतल्या सर्वांत मोठ्या आकड्याकडे बघूच नका. गेट, सरकारी परीक्षा, एम.टेक. यांचा निर्णय तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला घ्या, शेवटच्या सत्रात घाईने नको.

या पट्ट्यातून इंजिनिअर होऊन आज ठाणे, पुणे, बंगळूरूला काम करणाऱ्या मुलामुलींना मला काही मागायचे आहे. तुमच्यापैकी अनेकांना हे सगळे ठेचा खात शिकावे लागले. गणपतीला गावी याल तेव्हा दोन तास काढा. शाळेच्या वर्गात किंवा देवळाच्या ओट्यावर बसा, यंदा प्रवेश मिळालेल्यांना बोलवा आणि तुमची पहिल्या सत्राची मार्कशीट त्यांना दाखवा, केटीसकट. एकेकाने दोन मुलांची चार वर्षे जबाबदारी घेतली, फोनवर महिन्यातून एकदा विचारपूस केली, तरी तालुक्याचे चित्र पालटेल.

आणि ज्यांच्यासाठी हे लिहिले त्या विद्यार्थ्यांना. प्रवेशाच्या पहिल्या आठवड्यात आपला मेंटॉर कोण ते शोधा, त्यांचे नाव आणि बसण्याची जागा या पुस्तिकेच्या पहिल्या पानावर लिहा आणि काही अडले नसले तरी एकदा भेटून या. दर निकालानंतर पुस्तिकेतले केटीचे पान पेन्सिलने भरा. निकालात काही चुकल्यासारखे वाटले तर आधी उत्तरपत्रिकेच्या फोटोकॉपीच्या आणि रिव्हॅल्युएशनच्या अर्जाची मुदत बघा, रडायला नंतर वेळ आहे. ती मुदत थोड्या दिवसांची असते आणि संपली की मेंटॉर, प्राचार्य, कोणीही काही करू शकत नाही.